मिसरूड फुटलं, आता पुटकुळ्यांचं काय?

दोस्तांनो, तुमच्या घरात दहावी-बारावीतला एखादा दादा असेल, तर त्याच्यावर जरा नजर ठेवा. (चोरून ठेवा बरं का, नाहीतर टपली मिळेल!) कालपरवापर्यंत आरशाकडे ढुंकूनही न बघणारा हा प्राणी हल्ली अर्धा-अर्धा तास आरशासमोर उभा असतो. ओठावर काळसर रेघ उमटलेली असते, हनुवटीवर मोजून चार केस उगवलेले असतात आणि आवाज मध्येच फाटतो. आपल्याकडे याला छान शब्द आहे – मिसरूड फुटलं!

मग एके दिवशी बाबांचं रेझर जागेवर सापडत नाही. दादाची स्वारी मात्र गुळगुळीत तोंडानं ऐटीत फिरत असते. ही ऐट टिकते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गळ्यावर आणि जबड्याखाली लाल, टणक, खाजणाऱ्या पुटकुळ्या येतात. दादा त्या नखानं फोडतो. त्या वाढतात. मग तो पुन्हा दाढी करतो आणि त्या आणखी वाढतात. वर्गातली पोरं चिडवायला लागली की तो शर्टाची कॉलर वर करून बसतो.

तुम्ही स्वतःच तो दादा असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अजून लहान असाल, तरी वाचून ठेवा. आज ना उद्या तुमची पाळी येणारच आहे! आणि ताईंनो, पान उलटू नका. हातापायांवरचे केस काढताना हीच गंमत तुमच्याही वाट्याला येते.

उसाच्या रानात चला

या पुटकुळ्या येतात कशा, हे समजून घ्यायला आपण टेंभुर्णीला जाऊ या. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर महामार्गावरचं हे गाव. जवळच भीमेवरचं उजनी धरण. धरणाचं पाणी आलं आणि या भागात जिकडेतिकडे ऊस झाला.

तुम्ही या भागातले असाल, तर ऊसतोड झालेल्या रानात अनवाणी चालून बघितलं असेल. कोयत्यानं तिरपे तुटलेले बुडखे पायाला कसे टोचतात! उभ्या उसाचा शेंडा मऊ असतो, पण तोडल्यावर उरलेला बुडखा भाल्यासारखा असतो. काही दिवसांनी त्याच बुडख्यांतून नवे कोंब येतात आणि खोडव्याचं पीक उभं राहतं.

आपल्या हनुवटीवर हेच घडतं. आपोआप वाढलेल्या केसाचं टोक निमुळतं आणि मऊ असतं. पात्यानं कापला की टोक तिरपं आणि अणकुचीदार होतं. केस सरळ असेल, तर हे टोक निमूटपणे बाहेर येतं. पण केस कुरळा असेल किंवा गळ्यावरच्या केसांसारखा आडवा उगवणारा असेल, तर तो वाढता वाढता वळतो आणि आपल्याच कातडीत परत घुसतो. कधी तो इतका खोल कापला जातो, की बाहेर येण्याआधीच आतल्या आत मुळाच्या नळीची भिंत टोचून जातो.

आता शरीराला काय ठाऊक, की हा आपलाच केस आहे? बोटात काटा शिरला की बोट जसं सुजतं, तसंच इथंही होतं. पांढऱ्या पेशी धावत येतात, सूज येते, खाज सुटते आणि पुटकुळी तयार होते. इंग्रजीत तिला ‘रेझर बम्प’ म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेतलं नाव चांगलं लांबलचक आहे – ‘स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी’. एका दमात म्हणून दाखवा बघू! ‘स्यूडो’ म्हणजे खोटा. जंतूंमुळे केसाच्या मुळाला सूज येते, तसंच हे दिसतं. पण सुरुवात जंतूंनी केलेली नसते. गुन्हेगार असतो आपलाच केस. जंतू मागाहून येतात, तेही बहुतेक वेळा आपल्याच नखांतून.

जितकी गुळगुळीत, तितकी त्रासाची

पूर्वी दाढी म्हणजे न्हाव्याचा वस्तरा. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी न्हावी एक. घरोघरी जाऊन तो दाढी-हजामत करायचा. मग १९०३ साली अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाच्या माणसानं बदलता येणाऱ्या पातळ पात्याचं रेझर विकायला काढलं. पहिल्या वर्षी किती खपली असतील? अवघी ५१! पण दुसऱ्याच वर्षी खप नव्वद हजारांच्या वर गेला. घरच्या घरी रोज दाढी करण्याची सवय जगभर पसरली.

१९७१ साली दोन पात्यांचं रेझर आलं, पुढं तीन पात्यांचं आणि नंतर चार-पाच पात्यांचंही. यात एक युक्ती आहे. पहिलं पातं केसाला धरून जरा वर ओढतं. तो मागं सरकायच्या आत दुसरं पातं त्याला कापतं. उरलेला तुकडा सुटला, की कातडीच्या पातळीच्या खाली जाऊन बसतो. म्हणून तर गाल लोण्यासारखा लागतो! पण ज्याचे केस कुरळे, त्याच्यासाठी हे लोणी महाग पडतं. केस कातडीखाली दडला, की त्याला आतल्या आत घुसायला रान मोकळं.

आफ्रिकी वंशाच्या पुरुषांचे केस फार कुरळे असतात, म्हणून त्यांना हा त्रास सगळ्यांत जास्त. अमेरिकी सैन्यात रोज गुळगुळीत दाढी करण्याची शिस्त आहे. तिथल्या अनेक कृष्णवर्णीय सैनिकांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून थोडी दाढी ठेवण्याची सवलत कित्येक वर्षं मिळत आली. २०२५ साली ही सवलत बरीच आवळली गेली आणि त्यावरून तिकडं मोठा वाद झाला. म्हणजे बघा, ज्या पुटकुळीला आपण ‘काय एवढंसं’ म्हणतो, ती कुणाच्या तरी नोकरीचा प्रश्न होऊन बसते.

आपल्याकडेही कुरळ्या, राठ केसांची मुलं काही थोडी नाहीत. एनसीसीतली, पोलीसभरतीची आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं तर रोज दाढी घोटतात. त्यातून उन्हाळा, घाम आणि रस्त्यावरची धूळ!

ओळखा पाहू!

चेहऱ्यावरची प्रत्येक पुटकुळी रेझरमुळे येत नाही. उपाय करण्याआधी शत्रू ओळखायला हवा.

१. मुरूम किंवा तारुण्यपीटिका : कपाळ, नाक, गाल, पाठ इथं येतात. दाढी न करणाऱ्यांनाही येतात. सोबत काळी-पांढरी बारीक टोकं दिसतात.

२. रेझरच्या पुटकुळ्या : जिथं पातं फिरतं तिथंच येतात. गळा आणि जबड्याखालचा भाग ही त्यांची आवडती जागा. नीट पाहिलं तर पुटकुळीत वेटोळं घातलेला केस दिसतो.

३. केसतूड : एकच मोठा, लालभडक, ठणकणारा फोड, मध्ये पू. हा मात्र जंतूंचा उद्योग.

४. नायटा : गोल चट्टा, कडेनं पसरणारा आणि भयंकर खाजणारा. हा बुरशीमुळे होतो. गोठ्यातल्या वासराच्या अंगावर केस गेलेले गोल पांढरट चट्टे कधी पाहिलेत? तीही बुरशीच. वासराला मिठी मारली, की ती आपल्या गालावरही येऊ शकते.

५. चामखीळ : बारीक, चपट्या गाठी एका रेषेत दिसल्या, तर समजा की पात्यानंच त्यांची पेरणी केली आहे. चामखीळ विषाणूमुळे होते. तिच्यावरून रेझर फिरवलं, की ते विषाणू पुढं पुढं पसरतात.

मैत्रिणींनो, दंडावर आणि मांडीवर कोंबडीच्या कातडीसारखे खरखरीत बारीक ठिपके असतील, तर घाबरू नका. त्या केसाच्या मुळाशी साचलेल्या कातडीच्या बुच्या असतात. घासून काढायला जाऊ नका, मलई किंवा मॉइश्चरायझर लावा. पण हनुवटीवर राठ केस भराभर यायला लागले आणि पाळीही अनियमित असेल, तर ते आईला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वण, डाग आणि खेकडा

पुटकुळी बसते, पण मागं काहीतरी ठेवून जाते. ती काय ठेवते, हे समजलं पाहिजे.

पहिला असतो काळा डाग. आपल्या सावळ्या कातडीत रंगद्रव्य भरपूर. कातडी सुजली, की तिथं जास्तीचा रंग सांडतो. हा डाग सपाट असतो आणि काही महिन्यांत फिका पडतो. ऊन लागलं तर जायला वेळ लागतो. म्हणून टोपी, गमछा किंवा सनस्क्रीन वापरावं.

दुसरा असतो वण. जखम कातडीच्या खालच्या थरापर्यंत गेली, की शरीर तिथं घाईघाईनं तंतूंचं ठिगळ लावतं. हे ठिगळ कायमचं. तुमच्या पणजी-पणजोबांच्या पिढीतल्या एखाद्या चेहऱ्यावर बारीक खड्डे पाहिले आहेत का? ते देवीचे वण. देवीची साथ यायची, माणसं दगावायची आणि जी वाचायची त्यांच्या चेहऱ्यावर हे खड्डे जन्मभर राहायचे. लस टोचून टोचून या रोगाला हाकलून दिलं. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. कांजिण्या मात्र अजून आहेत. आजी म्हणते ना, ‘खपली खरवडू नको, वण राहील’? शंभर टक्के खरं आहे ते! खपली म्हणजे शरीरानं बांधलेलं छप्पर. खालचं काम पुरं व्हायच्या आत छप्पर उडवलं, तर घर कसं नीट होणार?

तिसरा प्रकार जरा हट्टी. काही जणांच्या शरीराला ठिगळ लावताना थांबायचं कुठं तेच कळत नाही. वण वाढतच जातो, मूळ जखमेची हद्द ओलांडतो, टणक आणि चकचकीत गाठ होते, ती खाजते आणि दुखतेही. याला म्हणतात केलॉइड. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. कडेनं फुटणारे फाटे त्यांना खेकड्याच्या नांगीसारखे वाटले, म्हणून नांगीच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी हे नाव दिलं. भीमेच्या काठच्या मुलांना खेकडा काय असतो हे सांगायला नकोच!

केलॉइड छातीवर, खांद्यावर, कानाच्या पाळीवर आणि जबड्यावर जास्त होतात. तुमच्या डाव्या दंडावर बीसीजीच्या लशीचा छोटा गोल वण असेल. बहुतेकांचा तो तसाच राहतो, पण क्वचित एखाद्याचा फुगून गाठ होते. अशी गाठ तुम्हाला किंवा तुमच्या आई-बाबांना असेल, तर कान टोचताना, गोंदवून घेताना आणि पुटकुळ्या फोडताना दहा वेळा विचार करा.

मानेवरच्या गाठी

आणखी एक जागा सांगायची राहिली – मानेचा मागचा भाग. मशीन लावून अगदी बारीक कापलेले ‘मिलिटरी कट’ केस, वरून शर्टाची घट्ट कॉलर किंवा हेल्मेटचा काठ. तिथं बारीक पुटकुळ्या येतात. मुलगा म्हणतो, घामोळं असेल. न्हावी दर पंधरा दिवसांनी त्यावरूनच मशीन फिरवतो. वर्षभरात त्या पुटकुळ्यांच्या टणक गाठी होतात, त्यांची एक पट्टी बनते आणि तिथले केस कायमचे जातात. डॉक्टर याला ‘ॲक्ने केलॉइडॅलिस’ म्हणतात. नावात ‘ॲक्ने’ असलं तरी हे मुरूम नव्हेत.

पुटकुळ्या लहान असताना मलमानं आणि गोळ्यांनी काम भागतं. मोठ्या गाठी झाल्या, तर इंजेक्शनं घ्यावी लागतात, कधी शस्त्रक्रियाही. म्हणून मानेवर चार पुटकुळ्या दिसल्या, तर न्हावीकाकांना सांगा, ‘मागं मशीन नको, कात्रीनं कापा, थोडे केस राहू द्या.’ एवढं एक वाक्य पुढची पाच वर्षं वाचवू शकतं.

मग करायचं काय?

सगळ्यांत चांगला उपाय फुकट आहे. दाढी थांबवा! महिनाभर पातं लावू नका. पहिल्या आठवड्यात जरा जास्त खाजेल, धीर धरा. केस वाढला, की तो आपणच ताणला जाऊन कातडीतून बाहेर येतो. दाढीचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे महिनाभरात बहुतेक कैदी सुटतात.

शाळेच्या किंवा भरतीच्या शिस्तीमुळे केस ठेवता येत नसतील, तर ट्रिमर वापरा आणि एखाद मिलिमीटर केस राहू द्या. खुंट दिसले तर दिसू देत.

पातंच वापरायचं असेल, तर असं करा :

• आंघोळ झाल्यावर दाढी करा. वाळलेला कडबा आणि भिजलेला कडबा मोडून बघा, कोणता सहज वाकतो? केसाचंही तसंच. कोमट पाण्यात भिजला की तो नरम होतो आणि ओढल्याशिवाय कापला जातो.

• फेस किंवा जेल लावून दोन-तीन मिनिटं थांबा. कोरडी दाढी कधीच नको.

• पातं धारदार आणि शक्यतो एकाच धारेचं घ्या. बोथट पातं कापत नाही, ओरबाडतं.

• केस ज्या दिशेला झुकतात, त्याच दिशेनं पातं फिरवा. कातडी ताणून धरू नका. एकाच जागी पाच वेळा हात मारू नका.

• सलूनमध्ये ‘उलटा हात मारू का?’ असं विचारलं, तर हसून ‘नको’ म्हणा.

• झाल्यावर गार पाण्याचा कपडा पाच मिनिटं ठेवा. झोंबणारं आफ्टरशेव्ह नको, साधं मॉइश्चरायझर लावा.

आता तुरटीविषयी. तुरटी फिरवली की रक्त थांबतं, कारण ती कातडी आकसवते. तेवढा तिचा गुण खरा. पण तिनं जंतू मरतात आणि सगळं शुद्ध होतं, असं समजू नका. दिवसभर वीस गालांवरून फिरलेला तोच खडा आपल्या कापलेल्या गालावर कशाला? नव्या पात्याचा आग्रह तर धरायलाच हवा. रक्त लागलेल्या पात्यातून हिपॅटायटिस बी आणि सी यांसारख्या काविळीचे विषाणू पसरू शकतात. चांगले सलूनवाले तुमच्या डोळ्यांसमोर नवं पातं लावतात. नाही लावलं, तर मागून घ्या, त्यात लाज कसली? आणि घरातसुद्धा बाबांचं रेझर बाबांचं, दादाचं रेझर दादाचं.

आत अडकलेला केस दिसला, की सुई घेऊन खोदकाम सुरू करू नका. चिमट्यानं उपटूही नका. उपटलेल्या जागी नवा केस पुन्हा टोक घेऊन येतो आणि पुन्हा अडकतो. ओठ आणि नाकाच्या आसपासचे फोड तर मुळीच दाबू नका. तिथल्या रक्तवाहिन्यांचा संबंध मेंदूजवळच्या रक्तवाहिन्यांशी असतो.

हे करून पाहा : बाबांचा नकाशा

रविवारी बाबांना खुर्चीवर बसवा. त्यांनी दोन दिवस दाढी केलेली नसावी. एका कागदावर त्यांच्या चेहऱ्याचं आणि गळ्याचं मोठं चित्र काढा. आता कापसाचा कोरडा बोळा घेऊन त्यांच्या गालावरून हलकेच फिरवा – वरून खाली, खालून वर, डावीकडून उजवीकडे. ज्या दिशेनं कापूस न अडकता सरकतो, ती केसांची दिशा. जिथं तो अडकून तंतू मागं राहतात, ती उलटी दिशा. प्रत्येक जागी बाण काढत जा.

गालावरचे बाण बहुधा खाली जातील. गळ्यावर मात्र तुमची गंमत होईल! तिथं एक बाण वर, एक आडवा, कुठं भोवरासुद्धा सापडेल. म्हणूनच गळ्यावर पुटकुळ्या जास्त येतात. एकाच दिशेनं पातं ओढलं, तर निम्मे केस उलटेच कापले जातात. नकाशा आरशाशेजारी चिकटवा. दादाचाही काढून द्या, तो वरवर चिडेल, पण वापरेल.

मलमाच्या ट्यूबची गोष्ट

आता जरा गंभीर गोष्ट. पुटकुळ्या आल्या की पोरं डॉक्टरकडे जात नाहीत, औषधाच्या दुकानात जातात. ‘काका, चेहऱ्यासाठी काहीतरी द्या.’ एक स्वस्त ट्यूब मिळते. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, चेहरा उजळल्यासारखा दिसतो. वा! मित्रालाही तीच ट्यूब सांगितली जाते.

अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलं, तर ते उत्तम औषध आहे. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावत राहिलं, तर कातडी कागदासारखी पातळ होते, लाल रेषा दिसायला लागतात, नवे मुरूम उगवतात आणि नको तिथं केस येतात. मलम सोडलं की चेहऱ्याची आग होते, म्हणून पोरगं पुन्हा तेच लावतं. नायट्यावर लावलं तर आणखीच वाईट. वरून तो बरा झाल्यासारखा दिसतो आणि आतून पसरत जातो. हा प्रकार इतका वाढला, की मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केला. नियम आहे, पण ट्यूब मागणारा हात आपला असतो. तोच आवरायला हवा.

आपल्यात म्हण आहे, सोनारानंच कान टोचावे. कातडीचा सोनार म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ. पुटकुळ्या महिनाभरात बसल्या नाहीत, गाठी होऊ लागल्या, पू आला, ताप आला किंवा लाली पसरत चालली, तर त्यांच्याकडेच जा. टेंभुर्णीच्या मुलांना सोलापूरचं सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, आहे. त्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवलं, तर ते पुढची चिठ्ठी देतात. सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेतून फोनवरही डॉक्टरांचा सल्ला मिळतो.

डॉक्टर काय करतील? रात्री लावायचं ॲडापॅलीन किंवा ट्रेटिनोइनसारखं मलम देतील, त्यानं केसाच्या तोंडाशी साचलेली कातडी मोकळी होते. जंतू असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा प्रतिजैविक देतील. केलॉइड असेल तर गाठीत दर काही आठवड्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतील, सिलिकॉनची पट्टी लावायला सांगतील किंवा अतिथंड द्रवानं गाठ गोठवतील. केलॉइड नुसता कापून काढला, तर तो बहुतेक वेळा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा! म्हणून कापलं तरी पुढं इंजेक्शनं किंवा दुसरे उपचार करावेच लागतात. त्रास फारच असेल, तर मोठेपणी लेसरनं केस कायमचे कमी करता येतात. सावळ्या कातडीसाठी वेगळ्या जातीचं लेसर लागतं, चुकीच्या यंत्रानं भाजण्याचा धोका असतो.

वस्तरा बाजूला ठेवणारी माणसं

वस्तरा कधी चालवायचा हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो कधी ठेवून द्यायचा हेही. आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट सांगतो. पूर्वी काही जातींत नवरा वारला, की बाईचं डोकं सक्तीनं भादरत. १८९० साली मुंबईत महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी मंडळींची सभा भरली. विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. पोटावर पाय येणार होता, तरी ‘नाही’ म्हणाले. आपल्या हातातलं हत्यार कुणाला दुखावतं, याचा विचार त्यांनी केला.

आजच्या न्हावीकाकांनाही आपली अडचण सांगितली, तर ते समजून घेतात. ‘काका, गळ्यावर पुटकुळ्या आहेत, तेवढा भाग सोडा’ – इतकंच म्हणायचं.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलाचा चेहरा म्हणजे या वयात त्याचं सगळं जग. ‘चेहरा धूत नाहीस, म्हणून होतं’, ‘तेलकट खातोस ना, भोग आता’ असं म्हणू नका. रेझरच्या पुटकुळ्या अस्वच्छतेमुळे होत नाहीत. उलट, घासून घासून चेहरा धुतल्यानं त्या चिडतात. पाहुण्यांसमोर विषय काढू नका. पहिल्या दाढीच्या वेळी बाबांनी पाच मिनिटं शेजारी उभं राहून दाखवलं, तर पुढचे कितीतरी वण वाचतील. शाळेत किंवा एनसीसीत रोज दाढीची सक्ती असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन स्वतः शिक्षकांना भेटा. मुलानं एकट्यानं भांडायची ही गोष्ट नव्हे. आणि मूल कॉलर वर करून बसत असेल, फोटो टाळत असेल, शाळेला दांड्या मारत असेल, तर पुटकुळीच्या आधी त्याच्या मनाची विचारपूस करा.

खरं की खोटं?

१. दाढी केली की केस जाड येतात.
खोटं! कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला राठ लागतं. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली केस मोजून हे तपासलं होतं. कापण्यानं मुळाला काही होत नाही.

२. पुटकुळ्यांवर रोज दाढी केली, की त्या घासून जातात.
खोटं! प्रत्येक दाढी म्हणजे नवे बुडखे.

३. टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा लावला की डाग जातात.
खोटं! कातडी पोळते आणि डाग आणखी गडद होतो.

४. खपली काढू नये.
खरं! आजीला शंभरपैकी शंभर.

५. वर्गातल्या मुलाच्या गळ्यावर पुटकुळ्या आहेत, त्याच्या शेजारी बसलं तर आपल्याला होतील.
खोटं! रेझरच्या पुटकुळ्या संसर्गजन्य नाहीत. उद्या त्याच्या शेजारी जाऊन बसा. नकाशा कसा काढायचा, तेही त्याला दाखवा.